शेवटचा रकाना

आमच्या जाहिरातीच्या ऑफिसात दारासमोरच्या भिंतीवर एक पांढरा बोर्ड आहे. चालू असलेल्या प्रत्येक कामाची त्यावर एक ओळ असते आणि ओळीत रकाने: ब्रीफ, कॉपी, डिझाइन, करेक्शन, अप्रूव्हल, प्रिंट. बोर्ड आणला त्या दिवशी मीच पट्टी धरून ते आखले. काही महिन्यांतच उजव्या कडेला, जागा संपत आली होती तिथे, आणखी एक रकाना बारीक अक्षरात घुसवावा लागला. त्यावर लिहिलं, 'मराठी'.

तो तिथे का आला ते सांगते. काम ठरतं इंग्रजीत. कॉपी, म्हणजे जाहिरातीचा मजकूर, इंग्रजीत लिहिली जाते, तिच्यावर पाच जणांची मतं होतात, तिच्या मापानं डिझाइन बेतलं जातं, साहेबांचा होकार येतो. मग संध्याकाळी पावणेसातला मेसेज येतो, "मॅडम, हेच मराठीत पण करून द्या ना. फक्त ट्रान्सलेट करायचंय. सकाळी मशीनला लागेल." हल्ली तर मशीननं केलेलं भाषांतरच जोडून येतं आणि खाली एक ओळ, "एकदा नजर टाका, बस." ज्या माणसांपर्यंत ती वस्तू पोचवायची असते, त्यांच्यातली निम्म्याहून जास्त माणसं हाच शेवटचा, घाईत झालेला कागद वाचणार असतात. इंग्रजी कागद वाचणारा मुख्यतः तो मंजूर करणाराच. हे मला पहिल्यापासून खुपत आलं आहे. पण खुपणं वेगळं आणि बोर्डावरचा रकाना हलवणं वेगळं. त्याला बरीच वर्षं गेली.

आम्ही पाच जण. पुण्यात नारायण पेठेतल्या एका जुन्या इमारतीत दुसरा मजला, दोन खोल्या आणि एक गॅलरी. तळमजल्यावर ऑफसेट प्रेस आहे. या पेठांमध्ये एके काळी बोळाबोळांत छापखाने होते. अप्पा बळवंत चौकातली पुस्तकांची दुकानं आणि त्यांच्या मागचे हे छापखाने मिळून एक आख्खं गावच होतं. आता बरेच उपनगरांत गेले, काही बंद झाले. आमच्या खालचा टिकून आहे. सकाळी दहाच्या सुमारास मशीन सुरू झालं की टेबलावरच्या ग्लासातलं पाणी हलतं आणि जिन्यात शाईचा वास भरतो. नवीन आलेली मुलं पहिले चार दिवस नाक मुरडतात. पाचव्या दिवसापासून कुणाला जाणवत नाही. मला मात्र अजून जाणवतो आणि आवडतो.

आमच्याकडे दुपारी बारा ते पाच या वेळात एक काका येतात. वय सत्तरीच्या पुढे. सोळाव्या वर्षी ते खिळे जुळवायला लागले. शिशाचं एकेक अक्षर केसमधून उचलायचं, स्टिकमध्ये लावायचं, आणि सगळं उलटं. अजूनही ते आरशातला मजकूर सरळ वाचावा तितक्या सहज वाचतात. खिळे गेले, मग ते कॉम्प्युटरवर, श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरवर बसले, पेजमेकर शिकले, कोरल शिकले. मी त्यांना प्रूफ वाचायला बोलावलं होतं. पण गेल्या काही वर्षांत मराठी मजकूर कागदावर कसा बसवायचा हे जे काही मला कळतं, त्यातलं बरंचसं त्यांच्या टेबलाशेजारी उभं राहून कळलं आहे.

पहिला धडा ओळींमधल्या अंतराचा होता. आमचा डिझायनर हुशार मुलगा, नामांकित कॉलेजातून शिकून आलेला. पण तिथे त्याला देवनागरीचं एक लेक्चर झालं होतं, एक. त्यानं इंग्रजी पत्रकाचं डिझाइन तसंच ठेवून आत मराठी मजकूर ओतला. दहावर बारा, म्हणजे दहा पॉइंटाचं अक्षर आणि बारा पॉइंटाची ओळ. काकांनी कागद हातात घेतला आणि वरच्या ओळीतल्या उकाराखाली पेन्सिल टेकवली. तो उकार खालच्या ओळीच्या रफारात घुसला होता. म्हणाले, "इंग्रजी अक्षर एका मजल्यावर राहतं रे. आपलं घर तीन मजली. वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार, मधे अक्षर, खाली उकार, ऋकार. खालच्याच्या डोक्यावर वरच्याचे पाय आले तर माणूस वाचेल का? दहावर पंधरा घे." त्यानं घेतलं. मजकूर कागदाबाहेर गेला. तेव्हा काका जे म्हणाले ते त्या मुलानं अजून आपल्या स्क्रीनच्या कडेला चिकटवून ठेवलं आहे: "मजकूर कमी कर, जागा कमी करू नकोस."

दुसरा धडा आमच्या चुकीतून आला आणि तो महाग पडला. एका आरोग्य शिबिराचं पत्रक होतं, तीन हजार प्रती. रात्री साडेदहाला शेवटची दुरुस्ती आली, ती घरून झाली, दुसऱ्याच कॉम्प्युटरवर. परदेशी बनावटीच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिपींसाठी एक वेगळी सेटिंग असते. ती चालू नसेल तर ऱ्हस्व वेलांटी आपलं अक्षर सोडून पुढच्यावर जाऊन बसते आणि जोडाक्षरं सुटी होऊन त्यांचे पाय मोडतात. 'शिबिर'चं 'शबिरि' झालं. 'रक्त' या शब्दाचा क हलन्त लावून एकीकडे आणि त दुसरीकडे. मी ते फोनवर पाहिलं आणि 'ओके' लिहून पाठवलं. काकांची वेळ संपलेली होती, त्यांना त्रास कशाला द्यायचा, असं मला वाटलं. सकाळी छापलेला गठ्ठा उघडला तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला. ज्या बायकांनी ते हातात घेऊन शिबिराला यायचं, त्यांना आम्ही अर्धवट तुटलेली भाषा देणार होतो आणि तीही आजाराबद्दल बोलणारी. सगळं पत्रक आमच्या खर्चानं पुन्हा छापलं. तेव्हापासून मराठी फाइल फोनवर मंजूर करायची नाही हा ऑफिसचा नियम आहे. कागदावर काढायची, मोठ्यानं वाचायची, आणि वाचणारा माणूस ती लिहिणाऱ्याहून वेगळा हवा.

मोठ्यानं वाचण्यावर माझा फार विश्वास आहे. भाषांतरित वाक्य डोळ्यांना फसवतं, जिभेला फसवू शकत नाही. "आमच्यासोबत आपल्या स्वप्नातील घराचा प्रवास सुरू करा" हे स्क्रीनवर ठीक दिसतं. मोठ्यानं म्हणून बघा. घर प्रवासाला कुठे निघालं आहे? आपण घर बघतो, बांधतो, घेतो, घराला लागतो, हप्ते फेडतो.

पाट्यांचं काम आलं ते वर्ष मला नीट आठवतं. २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली की महाराष्ट्रातल्या प्रत्येक दुकानाची आणि आस्थापनेची पाटी मराठीत, देवनागरीत हवी, कामगार कितीही असोत; आणि मराठी अक्षर इतर लिपींतल्या अक्षरांपेक्षा लहान नको. प्रकरण वर गेलं आणि २५ सप्टेंबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं दोन महिन्यांची मुदत दिली. पुढचे दोन महिने आमचा फोन थांबत नव्हता. बहुतेकांना हवं होतं ते एवढंच की इंग्रजी नाव देवनागरीत लिहून द्या. तसं आम्ही दिलंही. नाव हे नाव असतं, ते बदलायचा हक्क आपला नाही.

पण त्या गडबडीत एक मिठाईचं दुकान आलं. मालक साठीचे, दुकान वडिलांच्या वेळचं. मधल्या काळात पाटी 'स्वीट्स अँड नमकीन' झाली होती आणि तेच मराठी अक्षरात करून हवं होतं. बोलता बोलता त्यांनी सांगितलं की जुनी पाटी अजून माळ्यावर आहे. मी ती बघायला गेले. पत्र्यावर ऑइल पेंटनं रंगवलेली, कडांना गंज चढलेला. नावापुढे मोठ्या अक्षरांत 'दुग्धालय'. त्यातल्या 'ल'ला दोन भरदार पाकळ्या होत्या. रंगारी कोण ते त्यांनाही आठवत नव्हतं. पण त्यानं 'ग्ध' हे जोडाक्षर एकात एक असं बसवलं होतं की मी ते बोटानं गिरवून पाहिलं.

इथे थोडं थांबते, कारण हा 'ल' माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. मराठीत 'ल' पाकळीचा आणि 'श' देठाचा. हिंदीच्या छापील वळणात 'ल' दंडाचा असतो आणि 'श' गाठीचा. राज्य शासनानं ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीची वर्णमाला प्रमाण केली, तेव्हा पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' हेच मराठीचे म्हणून सांगितले. पण कॉम्प्युटरच्या लेखी दोन्ही 'ल' एकच आहेत, त्यांचा कोड एक. कोणता दिसायचा ते फाँट ठरवतो. काही चांगल्या फाँटमध्ये दोन्ही रूपं असतात आणि मजकुराची भाषा 'मराठी' अशी निवडली की पाकळीचा 'ल' आपोआप येतो. निवडायला दोन सेकंद लागतात. ती निवडली जात नाही, कारण कुणी मागत नाही. शाळेत गिरवलेलं अक्षर रस्त्यावरच्या पाटीवर दिसेनासं होतं आणि आपल्याला चुकल्यासारखं वाटत राहतं, नेमकं काय ते सांगता येत नाही.

त्या मालकांना मी एक विनंती केली. जुनी पाटी आम्ही ऑफिसात आणली, फोटो काढले, डिझायनरनं तीन दिवस बसून एकेक अक्षर रेखलं. नव्या पाटीवर 'दुग्धालय' परत आलं, त्याच रंगाऱ्याच्या वळणात. मालक उद्घाटनाला पेढे घेऊन वर आले होते. काका त्या दिवशी नेहमीपेक्षा तासभर जास्त थांबले.

जाहिरातीच्या धंद्यात मराठी अक्षराला नेहमीच शेवटची जागा होती असं नाही. र. कृ. जोशी हे जाहिरात संस्थेत काम करणारे आर्ट डायरेक्टर होते, कवी होते, पुढे मुंबईच्या आयआयटीत शिकवत होते. आपल्यापैकी अनेकांनी कॉम्प्युटरवर पहिल्यांदा मराठी पाहिली ती ज्या मंगल फाँटमध्ये, तो त्यांचा. मराठी नाटकांच्या जाहिराती वर्तमानपत्रात बघत वाढलेल्या माणसाला कमल शेडग्यांचं अक्षर ओळखू येतं. नाटक विनोदी की गंभीर हे नाव वाचायच्या आधीच त्या वळणावरून कळायचं. २०२० साली ते गेले तेव्हा आमच्या ऑफिसात कुणी कामाला हात लावला नाही. आजही मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या संस्थेसारखी मंडळी 'मुक्ता'सारखा फाँट सात वजनांत, म्हणजे बारीक ते ठळक अशा सात रूपांत, करतात आणि सगळ्यांना फुकट वापरायला देतात. म्हणजे हत्यारं आहेत. परंपराही आहे. उणीव आहे ती कामाच्या क्रमात.

पैशांचं थोडक्यात सांगते, कारण त्यावाचून छोट्या ऑफिसची गोष्ट खरी होत नाही. बिल काढलं की पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला त्यावरचा अठरा टक्के जीएसटी आम्ही भरायचा, गिऱ्हाइकाचा चेक आलेला असो वा नसो. लघुउद्योगांना पंचेचाळीस दिवसांत पैसे द्यावेत असा कायदा २००६ पासून आहे; तो दाखवून पैसे मागायचं धाडस मी आजवर दोनदा केलं आणि दोन्ही वेळा पैसे आले, गिऱ्हाइक गेलं. पगार मात्र सात तारखेला झाले नाहीत असं एकदाही घडू दिलेलं नाही. मराठीसाठी वेगळे पैसे मागितले की समोरचा गोंधळतो, "ते तर त्यातच आलं ना?"

आता रकाना हलला कसा, ते.

दोन वर्षांपूर्वी ठिबक सिंचनाचं साहित्य बनवणाऱ्या एका कंपनीचं छोटं काम आमच्याकडे आलं. ऊस उत्पादकांसाठी पत्रक आणि पोस्टर. इंग्रजी मथळा ठरलेला होता, 'एम्पॉवर युअर यील्ड'. सोबत मराठीही आलं होतं: 'प्रत्येक थेंबाने आपल्या उत्पन्नाला सशक्त करा.' मी त्यावर तीन संध्याकाळी घालवल्या. 'उत्पन्न' म्हणजे मिळकत, पीक म्हणायचं तर 'उत्पादन'. मग 'उतारा' लिहिलं. काकांनी ते कापलं. त्यांचं गाव नीरेकाठचं. म्हणाले, "ताई, उसाचा उतारा कारखान्यात काढतात, साखरेचा. शेतात एकरी किती निघाला त्याला टनेज म्हणतात. तुम्ही एकदा रानात जाऊन या."

मी गेले. इंदापूर तालुक्यातलं एक गाव, स्वारगेटहून एसटीनं. काकांच्या नात्यातल्या एक मावशी तिथे तीन एकर ऊस बघतात. दिवसभर मी त्यांच्या मागे बांधावरून चालत होते आणि वही भरत होती. लागण, खोडवा, निडवा. फुटवे. बाळबांधणी, मोठी बांधणी. पाचट पेटवायचं नाही, सरीत कुजवायचं. उसाच्या को ८६०३२ या जातीला कागदावर 'नीरा' असं सुंदर नाव आहे, पण बांधावर सगळे तिला आकड्यानंच ओळखतात. एका जागी मावशी थांबल्या आणि खालच्या बाजूच्या पट्ट्याकडे हात केला. तिथे जमीन काळपट, ओलसर, वर पांढुरका थर. "पाटानं पाणी देऊन देऊन ते रान चिबडलं. आमच्या सासऱ्यांना वाटायचं, जास्त पाणी म्हंजी जास्त ऊस." मग वरच्या शेतातली नळी त्यांनी पायानं जराशी सरळ केली. तिच्या दोन्ही बाजूंना वीतभर माती ओली होती आणि पलीकडे कोरडी, तिथे गवताची काडी नव्हती. "आता कसं, पाणी मुळाशी जातं. तणाला न्हाई."

परतीच्या एसटीत मी ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते. पत्रक त्यातूनच तयार झालं. मथळा: 'पाणी मुळाला, तणाला नाही.' चिबड रानाचा उल्लेख, टनेज, खोडवा, सगळं मराठीत आधी लिहिलं, डिझाइन त्याच्या मापानं झालं, ओळींना हवी तेवढी जागा मिळाली. इंग्रजी नंतर केलं, कंपनीच्या फायलीपुरतं. गिऱ्हाइकानं वाचलं आणि क्षणभर काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे माझ्या वडिलांना कळेल." त्या संध्याकाळी मी बोर्ड पुसला, पट्टी घेतली आणि 'मराठी' डावीकडे, ब्रीफच्या शेजारी आणला.

पोस्टरं पहिल्या खेपेला दोन हजार छापली, उरलेली तीन हजार पुढच्या महिन्यात छापायची होती. आमच्या बिलात 'कॉपी' अशी एक ओळ असते आणि तिच्यासमोर रक्कम. मला ती ओळ बघवेना. ते शब्द माझे नव्हते. पोस्टरवर मावशींचं नाव घालायचं मी सुचवलं होतं, त्यांनीच नको म्हटलं होतं. मग ती रक्कम पाकिटात घालून, पोस्टरांची गुंडाळी घेऊन मी पुन्हा गावी गेले.

मावशींनी पाकीट घेतलं, पैसे मोजले, बटव्यात ठेवले. मग ओट्यावर पोस्टर पसरलं, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या आणि वाचायला लागल्या, ओठ हलवत, सावकाश. दोनदा वाचलं.

"ताई, मी असं न्हवते म्हणाले."

मी वही काढली. त्यांनी वहीकडे बघितलंही नाही.

"मी 'मुळाशी' म्हणाले. तुम्ही 'मुळाला' लिवलंय. मुळाला पाणी दिलं की मूळ कुजतं. मुळाशी द्यायचं. शेजारी ओल राहिली की मूळ आपलं आपण तिच्याकडं जातं."

वहीत 'मुळाशी'च होतं. 'तणाला'शी जुळावं म्हणून एसटीत कधीतरी मी ते बदललं होतं आणि बदललं हेही विसरले होते. एका प्रत्ययात त्यांची सासऱ्यांपासूनची शेती होती, खालचं ते चिबडलेलं रान होतं, आणि मी ते कानाला गोड लागावं म्हणून पुसलं होतं.

बाहेर अंगणात येऊन मी काकांना फोन लावला. उरलेली तीन हजार थांबवा म्हटलं, मथळ्यात एक अक्षर बदलायचं आहे. खालून मशीनचा आवाज येत होता. त्यांनी शब्द विचारला, मी सांगितला. पलीकडे थोडा वेळ कुणी बोललं नाही.

"बरोबर आहे तिचं," ते म्हणाले. "मथळा काळ्यातच आहे ना आपला? मग चारही रंगांच्या प्लेटा नकोत. एकच बदलायची."